घरगल्ली, स्मशान आणि साडेत्रेसष्ट अंश

गिरगावात आमच्या आत्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पुढे गॅलरी, मग खोली, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला मागच्या बाजूला एक खिडकी. ती उघडायची नाही असा आत्याचा दंडक. मे महिन्याच्या सुट्टीत गेलो की मी ती हमखास उघडायचो आणि मागून आवाज यायचा, "मेल्या, बंद कर ती आधी!" बाहेर काही नव्हतंच. लांब काठी पुढे केली तर पलीकडच्या इमारतीच्या भिंतीला लागेल एवढी फट, खाली काळोख, ओल, गळके पाइप, भाजीची देठं, आणि उंदीर.

त्या फटीला घरगल्ली म्हणतात. मुंबईच्या जुन्या वस्तीत दोन इमारतींच्या पाठीला पाठ जिथे येते तिथे ही असते. तिचं काम एकच होतं. एके काळी चाळींचे संडास टोपलीचे होते. मजल्यामजल्यावरून पडलेलं सगळं खाली साचायचं, आणि ते उपसून डोक्यावरून नेणारा माणूस पुढच्या दारानं दिसू नये म्हणून त्याला ही मागची वाट ठेवलेली होती. त्याला हलालखोर म्हणत. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा करच होता. आज घरपट्टीच्या बिलावर त्याच जागी मलनिःसारण कर असतो.

मोठेपणी कळलं, की शहर वाचायचं असेल तर पुढच्या दारापेक्षा मागच्या खिडकीतून बघावं. रस्ता किती रुंद, दोन इमारतींत अंतर किती, कबरस्तान गावात की गावाबाहेर, चामडं कमावणारे कुठे बसले, कचरा कुठे पडतो, हे सगळं कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. मुंबईत ते ठरवलं दोन गोष्टींनी. एक गिरणी, दुसरी साथ. आणि ठरवताना डोक्यात रोगाविषयीची जी समजूत होती, ती बऱ्याच अंशी चुकीची होती. गंमत तिथेच आहे.

आधी गिरणी. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिची चाकं फिरू लागली. त्यानंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाड-गुजरातचा कापूस मुंबईहून जाऊ लागला आणि शहरात पैशाचा पूर आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरचा फुगा फुटला. १८७२ च्या शिरगणतीत आकडा ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी. शहराला अशी भरती-ओहोटी येते, ती समुद्राची नसते, बाजाराची असते. पुढे गिरण्या पुन्हा वाढल्या आणि १८९५ च्या सुमारास ७० च्या घरात गेल्या.

आता एक साधा प्रश्न. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला माणूस एका खोलीत दहा जणांत का राहायचा? भाडं परवडत नव्हतं हे खरं, पण अर्धंच. वाफेवर चालणारी गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. भोंगा झाला की दारात हजर पाहिजे. बदली कामगाराला तर रोज सकाळी दारात उभं राहून जॉबरच्या, म्हणजे माणसं भरती करणाऱ्या मुकादमाच्या, नजरेत भरावं लागे, मग त्या दिवसाचं काम मिळे. ट्रामचं भाडं रोज देणं शक्य नाही. म्हणजे चालत जाता येईल एवढ्याच अंतरात राहायचं. सगळ्या गिरण्या एका पट्ट्यात, म्हणून माणसंही त्याच पट्ट्यात. जमीनमालकाला हे पक्कं ठाऊक होतं. नारळीच्या जुन्या वाड्यांचे लांबट, अरुंद तुकडे होते; त्यांवर त्यानं खोलीला खोली, भिंतीला भिंत लावून चाळी उठवल्या. मधल्या खोलीला उजेड फक्त दारातून. दार लावलं की रात्र.

पाण्याचंही असंच उलटं झालं. १८६० च्या सुमारास विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं, १८७९ ला तुळशीचं, १८९२ ला तानसाचं. पाणी आलं ही चांगली गोष्ट, पण आलेलं पाणी जाणार कुठे याचा बंदोबस्त मागे पडला. मुंबई म्हणजे भर घालून जोडलेली बेटं. कितीतरी भाग भरतीच्या पाण्याखालचा. उघडी गटारं तुंबायची, नळाचं पाणी जमिनीत मुरायचं, आणि मुरलेलं पाणी चाळींच्या पायात येऊन बसायचं. भिंतीला कमरेएवढी ओल चढते ना, तसं अख्ख्या शहराला झालं होतं.

आता रोगाविषयीच्या त्या समजुतीकडे येऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी मानत, की रोग वाईट हवेतून होतो. कुजणाऱ्या वस्तूंतून विषारी वाफ निघते, ती हवेत मिसळते, ती ज्याच्या नाकात गेली तो आजारी पडतो. मलेरिया या शब्दाचा अर्थच इटालियनमध्ये 'वाईट हवा'. घाण वास म्हणजे रोग, असं सरळ समीकरण. जंतूंचा शोध पुरता लागायचा होता. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती कॉलऱ्याचे मृत्यू गोळा झालेत हे दाखवून दिलं, तरी पुष्कळांना ते पटलं नाही. पाणी दिसायला स्वच्छ असतं. वास मात्र कुणालाही येतो.

या समीकरणात सगळ्यात धोकादायक वस्तू कोणती? प्रेत. लंडनच्या चर्चभोवतालच्या दफनभूमी तेव्हा इतक्या भरल्या होत्या की नवीन खड्डा खणताना जुनी हाडं वर येत. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कामकरी लोकांच्या आरोग्यावर अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी शहरातल्या दफनांवर वेगळा. मग कायदे झाले, गावातल्या दफनभूमी बंद झाल्या आणि मेलेले गावाबाहेर निघाले. १८५४ पासून वॉटर्लूहून ब्रुकवुडच्या दफनभूमीकडे खास आगगाडी सुटायची. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असायचा. शवपेटीला एकेरी तिकीट, नातेवाइकांना परतीचं. हे वाचून हसू येतं, आणि मग आपल्याकडच्या स्मशानातल्या जातवार चौथऱ्यांची आठवण होते आणि हसू थांबतं.

ही विद्या बोटीनं मुंबईला आली. मुंबईचे मेलेले तेव्हा सोनापूरला जात. आजच्या मरीन लाइन्सला, चंदनवाडीच्या त्या भागात हिंदूंचं स्मशान, मुसलमानांचं कबरस्तान आणि ख्रिस्ती दफनभूमी एकमेकांना लागून होत्या. आज लोकलनं जाताना रुळांच्या पूर्वेला लांबच लांब भिंती लागतात, त्याच या. तेव्हा रूळ नव्हते, मरीन ड्राइव्ह तर नव्हताच. चिता जळायची ती बॅक बेच्या वाळूला लागून, समोर उघडा समुद्र. पण समुद्रावरचा वारा येतो पश्चिमेकडून, आणि पूर्वेला लागून गिरगाव-काळबादेवीची दाट वस्ती. वाईट हवेची समजूत डोक्यात ठेवून नकाशा बघितला तर याहून भयंकर जागा सापडणार नाही. धूर आणि 'विषारी वाफ' थेट लोकांच्या घरात.

सरकारनं स्मशान शिवडीला हलवायचं ठरवलं. लोक खवळले. गिरगावातून शिवडीपर्यंत तिरडी खांद्यावर न्यायची तर अर्धा दिवस मोडला, आणि ज्याला रोजावर जायचंय त्यानं काय करायचं? नाना शंकरशेट यांनी आपलं सगळं वजन खर्चून हा बेत हाणून पाडला, आणि हिंदूंचं स्मशान राहिलं तिथेच. नानांचं नाव निघालं की रेल्वे आणि शाळांचा उल्लेख होतो. माझ्या मते गिरगावकरांवर त्यांचे यापेक्षा जवळचे उपकार हे आहेत, आणि सगळ्यांना एक ना एक दिवस त्यांचा लाभ होतोच.

युरोपियनांची दफनभूमी मात्र हलली. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. मंडईला ज्यांचं नाव होतं तेच हे क्रॉफर्ड. शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतींची बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली. बागेचा वारसा भायखळ्याला नव्या बागेकडे गेला. तीच आपली राणीची बाग. आजही शिवडीच्या दफनभूमीत गेलं की रस्त्याच्या आखणीत आणि जुन्या झाडांत बागेची खूण लागते. शिवडी तेव्हा गावाच्या वाऱ्याखाली, पूर्वेच्या किनाऱ्यावर, वस्तीपासून लांब. म्हणजे शास्त्राप्रमाणे उत्तम जागा. पुढे तिथवर गिरण्या आल्या, बंदर आलं, गोद्या आल्या, आणि गावाबाहेरची दफनभूमी गावाच्या मधोमध आली.

सोनापूरचं काय झालं तेही सांगतो. १८७० च्या सुमारास बीबीसीआय रेल्वे कंपनीचे रूळ चर्चगेटपर्यंत आले ते स्मशान आणि समुद्र यांच्या मधून. नंतर विसाव्या शतकात भर घालून मरीन ड्राइव्ह झाला आणि समुद्र आणखी लांब गेला. स्मशान हललं नाही, पण समुद्रच हलवला.

एवढी तयारी करून शहर बसलं होतं आणि मग १८९६ उजाडलं.

मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची कोठारं. पोत्यांच्या थप्प्या, वर लाकडी माळे, माळ्यांवर राहणारी माणसं. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे लोक ताप येऊन, जांघेत किंवा काखेत गाठ येऊन मरायला लागले. गोव्याच्या हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश मांडवीत दवाखाना चालवत आणि म्युनिसिपालटीचे सभासदही होते. त्यांनी सप्टेंबरात ठामपणे सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. हे बोलणं सोपं नव्हतं. प्लेग म्हटलं की बंदर बंद, माल बंद. गोष्ट खरी ठरली. पुढच्या वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, मुंबईच्या मालावर आणि प्रवाशांवर निर्बंधांची भाषा झाली, मुंबईहून हजची यात्रा थांबवली गेली. सरकार प्लेगवर इतकं तुटून का पडलं याचं उत्तर निम्मं इथे आहे. कॉलरा आणि क्षयानं माणसं वर्षानुवर्षं मरतच होती, पण त्यांनी कापसाची गासडी अडवली नव्हती.

प्लेग होतो कसा? तो मुळात उंदरांचा रोग. जंतू उंदराच्या रक्तात, तिथून उंदराच्या पिसवेत. उंदीर मेला, गार पडला की पिसू उठते आणि दुसरा उंदीर शोधते. नाही मिळाला तर माणूस. घरात राहणारा काळा उंदीर कौलांत, माळ्यावर, धान्यात, माणसाच्या अगदी हाताशी राहतो. गिरणगावात आणि मांडवीत त्याला काही कमी नव्हतं: रेल्वे आणि बोटींनी आणलेलं धान्य, पोकळ लाकडी भिंती, घरगल्ल्या. जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांना सापडला होता. पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीला प्रयोग करून दाखवला, आणि त्यावर सर्वांचा विश्वास बसायला आणखी सात-आठ वर्षं गेली. तोपर्यंत शत्रू तोच जुना: वाईट हवा, ओली जमीन, अंधार.

म्हणून मग काय केलं? गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडून ती धुतली. उंदीर बाहेर पळाले आणि घरांत शिरले. खोल्यांची जमीन खणली, भिंतींना चुना मारला, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढली. ज्या घरात माणूस मेला त्याच्या दाराबाजूला लाल वर्तुळ काढायचं, एका माणसामागे एक. त्या वेळच्या छायाचित्रांत अशी दारं दिसतात. काहींवर इतकी वर्तुळं आहेत की रिकामी जागा शोधावी लागते. राहण्यास नालायक ठरलेल्या घरावर 'यू एच एच' ही इंग्रजी अक्षरं रंगवत. त्यांचा अर्थ आत राहणाऱ्यांना वाचता येत नव्हता, पण कळत होता.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. २०२० मध्ये आपण सगळे ज्याच्याखाली घरात बसलो तोच. मार्चमध्ये जनरल गॅटेकरच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. झडत्या, रोग्याला उचलून इस्पितळात, नातेवाइकांना छावणीत. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत काय झालं ते शाळेतच पाठ झालेलं असतं, म्हणून इथे थांबत नाही. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्याच्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं आणि दंगल पेटली.

लोकांचा राग नुसता अज्ञानातून होता असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रेत तपासून डॉक्टरचा दाखला मिळाल्याशिवाय अंत्यविधी नाही, असा नियम आला की घरच्या बाईचं प्रेत परका पुरुष उघडून बघणार, हे कुणाला चालेल? म्हणून मरण लपवलं जायचं, किंवा कारण 'ताप' असं लिहून दिलं जायचं. शहरात मेले किती हे कळायचं ठिकाण म्हणजे स्मशान आणि कबरस्तान. तिथली नोंदच खोटी पडली की आजार किती पसरलाय हे कुणालाच कळेना.

लोकांनी स्वतःचा उपाय शोधला: शहर सोडलं. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत निम्म्याच्या आसपास लोकसंख्या निघून गेली होती. कोकणच्या बोटी आणि रेल्वेचे डबे भरभरून गेले. गिरण्यांना माणूस मिळेना. मग जे एरवी कधी दिसलं नसतं ते दिसलं. गिरण्यांचे लोक नाक्यावर उभे राहून कामगारांसाठी एकमेकांवर बोली लावू लागले, आणि महिन्याचा पगार अडवून ठेवणारे मालक रोजच्या रोज पैसे मोजू लागले. गावाकडेही हीच रीत होती. 'उंदीर पडला' अशी बातमी आली की अख्खं गाव घरं टाकून माळावर झोपड्या घालून राहायचं. पिसवेचं शास्त्र त्यांना माहीत नव्हतं, पण मेलेल्या उंदरापासून दूर जाणं हा त्या काळी उपलब्ध असलेला सर्वांत बरोबर उपाय होता. पुढे सरकारनंही तोच उचलला. दुसरा उपाय हाफकिन यांची लस. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी ती तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळा तुरुंगातल्या तयार कैद्यांना. परळला आज त्यांच्या नावाची संस्था आहे.

साथ ओसरली तरी प्लेग शहरात वर्षानुवर्षं ठाण मांडून होता; देशभरात पुढच्या काही दशकांत त्यानं एक कोटीहून जास्त बळी घेतले. १९०१ च्या शिरगणतीत मुंबई ७,७६,००६ वर आली, दहा वर्षांपूर्वी होती त्याहून कमी. गिरणी आणि बंदर दोन्ही धोक्यात. म्हणूनच त्याआधी, १८९८ मध्ये, मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला होता. नमुना ग्लासगोचा. काम: दाट वस्ती फोडायची, हवा आणि उजेड आत आणायचा.

सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड हे सरळ, रुंद रस्ते या ट्रस्टनं काढले. गाड्यांची सोय होतीच, पण प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पश्चिम-पूर्व आखण्यामागे समुद्राचा वारा वस्तीच्या पोटात न्यायचा हिशेब होता. म्हणजे हे रस्ते खरं तर वाऱ्याचे पाट. एप्रिलच्या दुपारी प्रिन्सेस स्ट्रीटला उभं राहून बघा, अजून काम करतात.

पण पाडणं सोपं आणि बांधणं अवघड. ज्यांची घरं पडली ते गरीब, कामाच्या जागेपासून लांब जाऊ न शकणारे. ते शेजारच्या गल्लीत शिरले आणि तिथली गर्दी वाढली. उंदीरही त्यांच्याबरोबर. ट्रस्टनं कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या, पण त्या कधीच पुरेशा नव्हत्या. परळच्या अशाच एका चाळीत, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. मध्यमवर्गासाठी दादर-माटुंग्याच्या शेतजमिनीवर आखीव वसाहती झाल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, दोन घरांत मोकळी जागा. दादरचे लोक आपल्या झाडांचं कौतुक करतात; ती झाडं प्लेगनं लावलीत हे त्यांना सांगून बघावं.

आता साडेत्रेसष्ट अंश. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-हवेचा जो नियम लावून धरला तो असा. समोरासमोर दोन इमारती आहेत. एकीच्या भिंतीच्या पायापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर एक रेघ ओढा. समोरच्या इमारतीनं ती रेघ कापता कामा नये. लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यात हा कोन होता. तो इतका विचित्र का, तर त्या कोनाचा चढ बरोबर दोनास एक येतो. म्हणजे इमारत ६० फूट उंच तर मध्ये ३० फूट मोकळे हवेत. कोनमापक नको, टेप पुरे: उंचीच्या निम्मं अंतर. एवढं असलं की तळमजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो. आत्याच्या घरगल्लीला हा हिशेब लावला तर इमारत एका मजल्याचीही बसत नाही.

प्लेगवर या नियमाचा काय उपयोग? फारसा नाही. पिसवेला आकाश दिसलं काय, न दिसलं काय. पण त्याच अंधाऱ्या खोल्यांत दुसरा एक रोग गुपचूप बसला होता, क्षय. क्षयाचा जंतू खोकल्यातून हवेत येतो, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतो. वारा खेळता असला की विरळ होतो आणि उन्हात मरतो. म्हणजे वाईट हवेचं शास्त्र प्लेगच्या बाबतीत चुकलं आणि क्षयाच्या बाबतीत, आपल्याला न कळत, बरोबर निघालं. चुकीच्या कारणासाठी घातलेला बरोबर नियम.

हवा स्वच्छ करायची तर धुरांड्यांचं काय? १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. पण दगडी कोळसा जळतोय तोवर धूर राहणारच. १९१५ पासून खोपोलीहून टाटांची पाण्यावरची वीज गिरण्यांना मिळू लागली. मालकांना ती स्वस्त पडली, शहराचं आकाश थोडं निवळलं. ते पाणी अडवलं होतं घाटमाथ्यावर. पुढच्या धरणासाठी मुळशीचं खोरं निवडलं तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे सत्याग्रहाला बसले; धरण झालंच आणि पन्नासेक गावांची भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. त्या गावांच्या मसणवटाही. मुंबईचा धूर कमी होण्याची किंमत मुळशीनं मोजली असं म्हटलं तर गिरणीमालकांच्या नफ्याचा वाटा लपतो, पण खोटं ठरत नाही.

बाकीचा पसारा असाच उत्तरेला सरकत गेला. चामडं कमावण्याचे धंदे एकोणिसाव्या शतकातच धारावीच्या खाजणाकडे ढकलले गेले. कचरा रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूरच्या दलदलीकडे, आणि १९२७ पासून देवनारला. शहर वाढत गेलं, की कालची वेस आजचं पोट होते, हे शिवडीनं आधीच दाखवलं होतं.

मेलेल्यांचा प्रश्न तसा मिटलेला नाहीच. मलबार हिलवर पारशांची डुंगरवाडी आहे, मृतदेह उघड्यावर ठेवण्याची जागा. तिथे काम गिधाडांचं होतं. १९९० च्या दशकात गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं देशातली ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपवली. औषध दिलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता, आणि डुंगरवाडीत ऊन एकवटणारे आरसे बसवावे लागले. कारखान्यातली एक गोळी हजार वर्षांचा अंत्यविधी बदलू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं, की कोविडनं गेलेल्या कुठल्याही धर्माच्या माणसाचं दहनच करायचं. काही तासांत ते फिरवावं लागलं. मग वांद्र्याच्या कबरस्तानांबद्दल शेजारचे लोक उच्च न्यायालयात गेले. प्रेतातून रोग पसरतो याचा पुरावा नाही, असं म्हणून न्यायालयानं मे महिन्यात याचिका फेटाळली. सोनापूरच्या वाऱ्याची भीती दीडशे वर्षांनी पुन्हा जागी झाली होती, शब्दसुद्धा जवळपास तेच.

आत्याची चाळ आता नाही. तिच्या जागी मनोरा आहे आणि मोकळ्या जागेच्या नियमात पुनर्विकासासाठी सवलत मिळते, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. पण ऑरच्या रेघेचं खरं काय झालं ते बघायचं तर गोवंडीला जावं. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांना तिथे नटवर पारेख कंपाउंडमध्ये घरं दिली. देवनारचा कचऱ्याचा डोंगर जवळच. इमारती तळमजला अधिक सात मजल्यांच्या, आणि दोन इमारतींमधलं अंतर कसंबसं तीन मीटर. निम्म्या उंचीचा हिशेब धरला तर दहा-अकरा मीटर हवं होतं. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं आयआयटी मुंबईच्या मदतीनं या भागातल्या वसाहतींचा अभ्यास केला. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. दोन इमारतींच्या त्या फटीत वरून कचरा पडतो, पाइप गळतात, आणि खालच्या मजल्यांवरच्या बायका मागच्या खिडक्या बंद ठेवतात.